जुनी गाडी ऑइल पिऊ लागली, तर सफाई करणारे ऑइल घालावे का?

व्हॅल्व्होलिन या जुन्या अमेरिकी ब्रँडने २०२४ साली 'रिस्टोअर अँड प्रोटेक्ट' नावाचे एक इंजिन ऑइल बाजारात आणले. ते सलग वापरत राहिल्यास पिस्टनवर साचलेले थर १०० टक्क्यांपर्यंत निघून जातात आणि नवे थर बसत नाहीत, असा त्या कंपनीचा दावा आहे. पाच क्वार्टचा, म्हणजे पावणेपाच लिटरच्या आसपासचा डबा साधारण तीस डॉलरला मिळतो. साध्या सिंथेटिक ऑइलपेक्षा तो थोडा महाग आहे, पण परवडणार नाही इतका नाही. न्यू जर्सीत माझ्या ओळखीच्या अनेक मराठी घरांत एक नवी गाडी आणि एक खूप चाललेली जुनी गाडी असते, आणि ही जुनी गाडी स्टेशनपर्यंत जाण्यायेण्यासाठी किंवा नुकतेच लायसन मिळालेल्या मुलांसाठी राखलेली असते. त्यामुळे या ऑइलविषयी मला वरचेवर विचारणा होते. माझी स्वतःची जुनी चार सिलिंडरांची सेडान पावणेदोन लाख मैलांच्या पुढे गेली आहे, ती ऑइल पिते, आणि गेले बरेच महिने मी तिच्यात हेच ऑइल घालत आहे. अनुभवाचा भाग पुढे येईलच, परंतु हे ऑइल नेमके कोणत्या दुखण्यावर चालते हे समजल्याशिवाय त्या अनुभवाला फारसा अर्थ राहत नाही.

पिस्टनला सहसा तीन रिंगा असतात. वरच्या दोन रिंगांचे मुख्य काम सिलिंडरमधला दाब खाली निसटू न देणे हे असते. तिसरी, सर्वांत खालची, ती ऑइल रिंग. तिच्यात दोन पातळ पोलादी पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये त्यांना बाहेर दाबून धरणारी नागमोडी स्प्रिंग असते. पिस्टन खाली येताना ही रिंग सिलिंडरच्या भिंतीवरचे जादा ऑइल खरवडून घेते, आणि ते ऑइल रिंगेच्या मागच्या खाचेतल्या बारीक छिद्रांतून परत खाली ऑइलच्या टाकीत जाते. इंजिनमधली ही जागा अतिशय तापते. वरच्या रिंगेच्या खाचेत तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. तिथे रेंगाळलेले ऑइल हळूहळू भाजले जाते, आधी त्याचा लाखेसारखा तपकिरी लेप होतो आणि मग कडक काळा कार्बन होतो. छिद्रे बुजली की खरवडलेल्या ऑइलला परतीची वाट उरत नाही, आणि पट्ट्या खाचेत चिकटल्या की खरवडणेच थांबते. मग भिंतीवर राहिलेले ऑइल प्रत्येक फेऱ्यात पेट्रोलबरोबर जळते, त्यातून आणखी कार्बन होतो, आणि दुखणे स्वतःच स्वतःला वाढवत नेते.

याचे सर्वांत चांगले नोंदलेले उदाहरण टोयोटाच्या २एझेड-एफई या २.४ लिटरच्या इंजिनाचे आहे. २००७ ते २००९ या वर्षांतल्या चार सिलिंडरांच्या कॅमरी गाड्यांत आणि त्या सुमाराच्या आणखी काही मॉडेलांत हे इंजिन होते, आणि त्यातल्या कित्येक गाड्या ऑइल पिऊ लागल्या. कंपनीने २०११ साली आपल्या डीलरांसाठी तांत्रिक पत्रक काढले. बाराशे मैलांत एक क्वार्टपेक्षा अधिक ऑइल कमी होत असेल, तर सुधारित पिस्टन आणि रिंगा बसवाव्यात, असा त्याचा आशय होता. पुढे त्यासाठी वाढीव वॉरंटीही दिली गेली, जिची मुदत आता केव्हाच उलटली आहे. बाकी बाबतीत हे इंजिन दणकट समजले जाते, त्यामुळे या गाड्या आजही रस्त्यावर मोठ्या संख्येने दिसतात आणि सफाई करणाऱ्या ऑइलची चर्चा निघाली की सर्वांत आधी त्यांचेच नाव येते. दोष एकट्या एका कंपनीचा नव्हता, हेही सांगायला हवे. त्या काळात पेट्रोल आणि देखभालीचा खर्च वाचवण्यासाठी बहुतेक उत्पादकांनी रिंगांचा ताण कमी केला होता, ऑइल पातळ केले होते आणि दोन ऑइल बदलांमधले अंतर वाढवले होते. या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, म्हणजे ऑइल रिंगेच्या खाचेत, येऊन भेटतात.

माझ्या गाडीच्या बाबतीत चौथे कारणही आहे. ती अनेक वर्षे घरापासून मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत जाते, दिवसभर पार्किंगमध्ये उभी राहते आणि संध्याकाळी तेवढीच परत येते. हिवाळ्यात एवढ्या प्रवासात इंजिनमधले पाणी तापते, पण ऑइल पुरते तापत नाही. त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही आणि गाळ धरायला सुरुवात होते. गाडी फार कमी चालते म्हणून ती जपली जाते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे, पण ओडोमीटरवर हजार मैल दिसत असले, तरी अशा हजार मैलांचा इंजिनावरचा भार हायवेवरच्या हजार मैलांपेक्षा कितीतरी जड असतो. गाडीच्या पुस्तिकेत 'कठीण परिस्थिती' या सदराखाली लवकर ऑइल बदलण्याची जी सूचना असते, तिच्यात अशा छोट्या फेऱ्यांचा स्पष्ट उल्लेख असतो. ते पान फारसे कोणी वाचत नाही.

आता ऑइलकडे वळू. डब्यातल्या द्रवाचा मोठा भाग मूळ तेलाचा असतो आणि उरलेल्या भागात निरनिराळी रसायने असतात. त्यांपैकी सफाईशी थेट संबंध असलेली दोन. डिटर्जंट हे बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचे संयुग असते. ते जळणातून तयार होणारे आम्ल मारते आणि तापलेल्या धातूवर लेप धरू देत नाही. डिस्पर्संट काजळीच्या आणि गाळाच्या सूक्ष्म कणांना वेढून ऑइलमध्ये तरंगत ठेवते, म्हणजे ते एकत्र येऊन तळाला बसत नाहीत आणि ऑइल बदलताना त्याच्याबरोबर बाहेर जातात. म्हणून घातल्यानंतर काही दिवसांतच ऑइल काळे पडले, तर ते खराब निघाले असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. तिसरी गोष्ट मूळ तेलाच्या स्वभावाची आहे. खूप शुद्ध केलेली आधुनिक सिंथेटिक तेले उष्णतेला उत्तम टिकतात, पण साचलेला चिकटा विरघळवण्याची त्यांची ताकद तुलनेने कमी असते. एस्टर वर्गातील तेलांची ती ताकद अधिक असते, कारण त्यांचे रेणू धातूला आणि चिकट्याला धरून राहतात. सफाईसाठी खास बनवलेली ऑइले या तिन्ही बाबींचे प्रमाण बदलून तयार होतात. नेमके प्रमाण कंपन्या अर्थातच सांगत नाहीत.

यात मुळातून नवे असे काही आहे, असे मला वाटत नाही. १९३०च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल ट्रॅक्टरांच्या रिंगा अशाच चिकटत असत, आणि त्या दुखण्यावर उपाय म्हणून डिटर्जंट घातलेली पहिली इंजिन ऑइले तयार झाली. म्हणजे ज्या रसायनामुळे आज कोणतेही ऑइल 'डिटर्जंट ऑइल' असते, त्याचा जन्मच चिकटलेल्या रिंगा सोडवण्यासाठी झाला. पुढे ही ऑइले पेट्रोलच्या गाड्यांत आली, तेव्हा जुने मॅकेनिक बजावून सांगत की, वर्षानुवर्षे साध्या ऑइलवर चाललेल्या इंजिनात अचानक डिटर्जंट ऑइल घालू नका, कारण साचलेला गाळ सुटून भलतीकडे जाऊन अडकेल. त्या सल्ल्यात त्या काळी तथ्य होते. आजच्या बहुतेक गाड्यांनी जन्मापासून डिटर्जंट ऑइलच पाहिलेले असते, त्यामुळे तो सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही, परंतु ज्या इंजिनात व्हॉल्व्ह कव्हर, म्हणजे माथ्यावरचे झाकण, उघडल्यावर आत काळा गाळ थापलेला दिसतो, अशा इंजिनाच्या बाबतीत तो आजही विसरू नये.

दाव्यातल्या १०० टक्क्यांकडेही थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. ऑइलच्या मानकांसाठी पिस्टनवरचे थर मोजण्याची 'सीक्वेन्स थ्री-एच' नावाची एक ठरलेली चाचणी आहे. तिच्यात क्रायस्लरचे ३.६ लिटरचे इंजिन चाचणीच्या मंचावर बांधून ९० तास चालवतात, ऑइलचे तापमान १५१ अंशांवर ठेवतात आणि मग पिस्टन काढून त्यांना स्वच्छतेचे गुण देतात. दहा गुण म्हणजे लख्ख पिस्टन. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे इंजिन ऑइलसाठीचे एसपी हे मानक २०२० साली लागू झाले, आणि त्यानुसार ऑइलला या चाचणीत किमान ४.२ गुण मिळावे लागतात. म्हणजे बाजारातले मान्यताप्राप्त ऑइलसुद्धा पिस्टन कोरा ठेवते अशी कोणाचीच अपेक्षा नसते. या पार्श्वभूमीवर पिस्टन बराच स्वच्छ ठेवणारे आणि आधीचे थर काढणारे ऑइल बनवणे ही खरोखरच उल्लेखनीय गोष्ट आहे. मात्र नव्वद तास एकाच वेगाने तापत राहिलेल्या इंजिनावर बसलेला थर आणि सतरा वर्षांच्या हिवाळ्यांनी, छोट्या फेऱ्यांनी आणि लांबवलेल्या ऑइल बदलांनी बसवलेला थर एकसारखा असेलच असे नाही. शिवाय कंपनी स्वतःच सलग चार किंवा त्याहून अधिक ऑइल बदलांची अट घालते. एक डबा घालून महिनाभरात चमत्काराची वाट पाहणाऱ्यांनी ती वाचलेली नसते.

ही चार बदलांची अट मला पटते, आणि तीच या प्रकाराची सर्वांत चांगली बाजू आहे. दूध लागलेले पातेले आपण चमच्याने खरवडत नाही, रात्रभर भिजत घालतो. इंजिनाच्या बाबतीत खरवडण्याचे काम करणारा प्रकार म्हणजे फ्लश: जुने ऑइल काढण्याआधी त्यात एक बाटली ओतायची, इंजिन दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवायचे आणि सगळे काढून टाकायचे. स्वच्छ इंजिनात त्याने फारसे बिघडत नाही आणि फारसे साधतही नाही, कारण दहा मिनिटांत रिंगेच्या खाचेतला कडक कार्बन मऊ पडत नाही. गाळ भरलेल्या इंजिनात मात्र धोका असतो. गाळाचे तुकडे सुटतात आणि ऑइल पंपाच्या तोंडाशी असलेल्या चाळणीवर जाऊन बसतात, ऑइलचा दाब पडतो, आणि बेअरिंगपर्यंत ऑइल पोहोचेनासे झाले की इंजिन संपायला वेळ लागत नाही. सफाई करणारे ऑइल तेच काम हजारो मैलांत विभागून करते, सुटलेला अंश बारीक राहतो, आणि तो फिल्टरमध्ये अडकतो किंवा ऑइलमध्ये तरंगत बाहेर जातो.

साताऱ्याला राहणारा माझा आतेभाऊ याविषयी फोनवर म्हणाला, "दादा, आमच्याकडे ऑइल बदलताना मॅकेनिक अर्धा लिटर डिझेल टाकून गाडी पाच मिनिटं चालू ठेवतात, तेच ना हे?" ते हे नव्हे, असे त्याला सांगावे लागले. डिझेल उत्तम विरघळवते यात शंका नाही, पण इंजिन ऑइलच्या तुलनेत त्याची वंगणाची ताकद फारच कमी असते. त्या पाच मिनिटांत बेअरिंग आणि कॅम पातळ झालेल्या ऑइलवर फिरत असतात. टाकीच्या तळाशी, ऑइल कूलरमध्ये आणि नळ्यांमध्ये काही डिझेल उरतेच, आणि नंतर घातलेले नवे ऑइल पहिल्याच दिवशी तेवढे पातळ होते. जुन्या, ढिल्या बनावटीच्या जीप आणि ट्रकांच्या इंजिनांनी हे सहन केले म्हणून ही पद्धत टिकली असावी. पातळ ऑइलवर आणि बारीक फटींवर चालणाऱ्या आजच्या इंजिनाने ते सोसावे अशी अपेक्षा ठेवू नये. त्याच्या जुन्या वॅगन-आरला मी एवढेच सुचवले की, चांगले सिंथेटिक ऑइल घाल आणि ते पाच हजार किलोमीटरला बदल. सफाईचा बराचसा भाग त्यातच होतो, आणि खर्चही फ्लशपेक्षा फार अधिक येत नाही.

सफाई करणारे ऑइल घालण्यापूर्वी मात्र एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि माझ्या मते सगळा निकाल त्याच्यावर अवलंबून आहे: ऑइल जाते कुठे? गाडी ऑइल पिते असे आपण सरसकट म्हणतो, पण त्यामागे किमान चार-पाच वेगवेगळी कारणे असतात आणि त्यांपैकी एकावरच हे ऑइल उपयोगी पडते. गाडी रात्रभर उभी राहते त्या जागी डाग पडत असेल, तर ते गळणे आहे. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळसर धुराचा एक झोत येऊन नंतर धूर थांबत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची रबरी सिले कडक झालेली असतात; रात्रभर त्यांतून थेंबथेंब ऑइल उतरते आणि सकाळी जळते. चढावर किंवा वेग घेताना धूर येत असेल, तर संशय रिंगांवर जातो. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी, कमी होत असेल आणि धूर पांढरा असेल, तर तो बहुधा हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागांमधला सांधा बंद ठेवणाऱ्या थराचा, प्रश्न आहे आणि तिथे ऑइलचा ब्रँड बदलण्यात वेळ घालवू नये. पीसीव्ही नावाचा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो इंजिनाच्या पोटातले वायू परत आत ओढून जाळण्याची व्यवस्था करतो. तो अडकला तरीही ऑइल जळते. हा व्हॉल्व्ह अगदी स्वस्त असतो आणि बऱ्याच गाड्यांत घरच्या घरी बदलता येतो. म्हणून तो आधी बदलावा, काही आठवडे गाडी चालवून पाहावी, आणि मगच ऑइलचा प्रयोग सुरू करावा. दोन्ही एकाच दिवशी केले तर गुण कशाचा आला ते कधीच कळत नाही.

रिंगा चिकटल्या आहेत की झिजल्या आहेत, हा भेद बाहेरून कळणे अवघड आहे. अनेकजण कॉम्प्रेशन तपासून घेतात, दाब चांगला आला की रिंगा ठीक आहेत असे मानतात आणि मग ऑइल कुठे जाते या विचाराने चक्रावतात. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगा धरतात. ऑइल रिंगेचा त्यात वाटा नसतो. म्हणून ऑइल रिंग पूर्ण चिकटलेली असूनही दाब उत्तम असू शकतो. किंबहुना ऑइल भरपूर जळत असूनही दाब चांगला येत असेल, तर ती आशादायक खूण समजावी, कारण झीज थोडी आणि चिकटा अधिक, अशी शक्यता त्यातून दिसते. याउलट दाब पडलेला असेल आणि सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकल्यावर तो वाढत असेल, तर रिंगा किंवा सिलिंडरच झिजलेले असण्याचा संभव मोठा. झिजलेला धातू कोणतेही ऑइल परत आणू शकत नाही. स्पार्क प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा आत सोडून पिस्टनचा माथा पाहण्याची सोय आता सहज मिळते, पण तो माथा काळा आहे की स्वच्छ यावरून खालच्या रिंगेची स्थिती कळत नाही. माथ्यावरचा थर जळणाऱ्या इंधनाचा असतो आणि त्याचे गणित वेगळे असते. डायरेक्ट इंजेक्शनच्या, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, गाड्यांत हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवर बसणारा कार्बन हाही असाच वेगळा विषय आहे. तिथे इंधन व्हॉल्व्हला धुऊन जात नाही, त्यामुळे तो थर कारणपरत्वे यंत्राने किंवा हातानेच काढावा लागतो.

मोजमाप कसे करावे याबद्दल मी थोडा आग्रही आहे. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पाहण्याची जागा आणि वेळ एकच ठेवावी: सपाट जमीन, सकाळ, रात्रभर उभी असलेली गाडी. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरले की ओडोमीटरचा आकडा लिहून ठेवावा, आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत आणायला किती ऑइल लागले व मध्ये किती मैल झाले, ते लिहावे. याहून अधिक काही लागत नाही, पण हे न करता 'आता कमी पिते असे वाटते' अशा वाटण्यावर बहुतेकांचा निकाल लागतो, आणि असे वाटण्यात डब्याची किंमतही मिसळलेली असते. न्यू जर्सीत तर डिपस्टिक पाहण्याची सवयच मोडून गेली आहे. या राज्यात १९४९ पासून पंपावर स्वतः पेट्रोल भरण्यास बंदी आहे. एकेकाळी पेट्रोल भरणारा माणूस बॉनेट उघडून ऑइलही पाहत असे, आता तो फक्त नळी लावतो, आणि मालक काच खाली करून कार्ड देण्यापलीकडे गाडीतून उतरत नाही. ऑइलचा लाल दिवा लागतो तेव्हा पाहू, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, तो दिवा सहसा ऑइलची पातळी नव्हे, तर दाब दाखवतो. तो लागेपर्यंत पंप हवा ओढू लागलेला असतो.

माझ्या गाडीची नोंद अशी आहे. पीसीव्ही व्हॉल्व्ह बदलल्यावरही साधारण हजार मैलांना एक क्वार्ट ऑइल लागत होते. नव्या ऑइलच्या पहिल्या खेपेत काहीही फरक पडला नाही. ऑइल मात्र नेहमीपेक्षा लवकर काळे झाले. मी ग्रेड बदलला नाही, कारण थोडे जाड ऑइल घातले की तेवढ्यानेच जळणे घटते आणि त्याचे श्रेय सफाईला जाते. ऑइल बदलण्याचे अंतर चार हजार मैलांच्या आत ठेवले आणि मध्यंतरी फक्त फिल्टर बदलून घटलेले ऑइल भरून काढले. हा जादा फिल्टर मला आवश्यक वाटतो. सुटलेल्या काजळीने फिल्टरचा कागद भरला, तर आतला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ऑइल न गाळताच फिरत राहते, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी गाळणी बंद पडते. दुसऱ्या खेपेच्या अखेरीस लागणारे ऑइल कमी होऊ लागल्याचे नोंदीत दिसले, आणि आता एक क्वार्ट सुमारे दोन हजार मैल पुरते. पूर्ण थांबलेले नाही, आणि थांबेल असे मी धरूनही चाललेलो नाही. दरम्यान स्टेशनच्या फेऱ्यांना जोड म्हणून आठवड्यातून एकदा गाडी पार्कवे या इथल्या हायवेवर चांगली तापेपर्यंत चालवण्याचा नेम ठेवला आहे. तोही या फरकात सामील असणार, हे मोजमापाच्या बाबतीत मी एवढा आग्रही असताना कबूल करायलाच हवे.

एक त्रासही झाला. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेने थोडे पाझरू लागले. अशा वेळी ऑइलने गॅस्केट खाल्ले असे म्हटले जाते, पण वस्तुस्थिती अशी असते की, गॅस्केट आधीच वाळून कडक झालेले असते आणि फट बुजवण्याचे काम साचलेला चिकटा करत असतो; तो निघाला की गळती उघडी पडते. मॅकेनिकने नवे गॅस्केट बसवले आणि प्रश्न मिटला. खूप चाललेल्या गाड्यांसाठी 'हाय मायलेज' नावाची जी ऑइले मिळतात, त्यांत रबरी सिले थोडी फुगवून मऊ करणारी रसायने असतात. व्हॅल्व्होलिननेच २००० साली मॅक्सलाइफ हे ऑइल ७५ हजार मैलांच्या पुढच्या गाड्यांसाठी आणले आणि या प्रकाराची सुरुवात केली. ज्याच्या गाडीचे मुख्य दुखणे पाझरणे हे आहे, त्याने सफाईच्या ऑइलऐवजी त्या वर्गातले ऑइल घ्यावे, हे अधिक शहाणपणाचे होईल. दोन्ही डबे अर्धे-अर्धे मिसळण्याचा सल्लाही ऐकू येतो. त्याने इंजिन बिघडणार नाही, पण दोन्हींचे गुण अर्धवट मिळतील आणि मोजमापाचा बोजवारा उडेल.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न उरतो. वर्षाला आठ हजार मैल चालणारी गाडी हजार मैलांना एक क्वार्ट पीत असेल, तर वर्षाचे आठ क्वार्ट झाले. साध्या ऑइलच्या भावाने तो पन्नास-साठ डॉलरचा खर्च आहे. पिस्टन आणि रिंगा बदलायच्या, तर इंजिन उघडावे लागते आणि त्याची मजुरी अशा गाडीच्या बाजारभावाच्या पुढे सहज जाते. म्हणून केवळ ऑइलच्या पैशांचा हिशेब केला, तर वरून भरत राहणे हाच स्वस्त मार्ग ठरतो. अडचण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची, म्हणजे एक्झॉस्टमधले घातक वायू कमी करणाऱ्या भागाची, आहे. ऑइलमध्ये झीज रोखणारे जे रसायन असते, त्यातला फॉस्फरस जळून एक्झॉस्टमधून जातो आणि कन्व्हर्टरच्या आतल्या मौल्यवान धातूंवर थर धरतो. म्हणूनच पेट्रोलच्या गाड्यांच्या पातळ ग्रेडच्या ऑइलांत फॉस्फरसला ०.०८ टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. ऑइल सतत जळत राहिले की कन्व्हर्टर निकामी होत जातो, 'चेक इंजिन'चा दिवा लागतो, आणि न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी होणाऱ्या धुराच्या तपासणीत तो दिवा लागलेली गाडी नापास होते. नवा कन्व्हर्टर बसवण्याचा खर्च सफाईच्या ऑइलच्या कित्येक डब्यांएवढा असतो. माझा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

आणखी दोन खेपा मी हेच ऑइल घालणार आहे. त्यानंतर नोंदीतला आकडा जागचा हलला नाही, तर नेहमीच्या सिंथेटिक ऑइलवर परत जाईन, बदलण्याचे अंतर मात्र चार हजार मैलांच्या आतच ठेवीन, आणि डिकीत एक क्वार्टची बाटली ठेवून डिपस्टिक पाहत गाडी चालवीन. ज्यांची गाडी पन्नास-साठ हजार मैलांची आहे आणि एक थेंबही ऑइल पीत नाही, त्यांना मी हे ऑइल सुचवत नाही. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचे कोणतेही मान्यताप्राप्त ऑइल वेळेवर बदलले की त्यांचे काम भागते. ज्यांच्या गाडीत ऑइल भरण्याच्या तोंडातून पाहिले तरी जाड गाळ दिसतो, त्यांनी आधी मॅकेनिककडून ऑइल पॅन, म्हणजे ऑइलची खालची टाकी, उतरवून चाळणी साफ करून घ्यावी आणि नंतरच सफाईचा विचार करावा. घरी ऑइल बदलणाऱ्यांसाठी शेवटची सूचना: काढलेले ऑइल झाकणाच्या डब्यात भरून सुट्या भागांच्या दुकानात नेऊन द्यावे. इथली बहुतेक मोठी दुकाने ते फुकट घेतात, फक्त त्यात कूलंट किंवा पेट्रोल मिसळलेले नसावे.